सनव्हायझरला दिवा हवा? घरच्या घरी बदल करण्याची पूर्ण पद्धत

लग्नसराईत संध्याकाळी नाशिकच्या संभाजीनगर रोडवरच्या लॉन्सच्या पार्किंगमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. पुढच्या सीटवरची बाई व्हायझर खाली पाडून आरशात टिकली नीट करते आहे आणि शेजारी नवरा नाहीतर भाऊ मोबाइलचा टॉर्च धरून बसलाय. आरसा आहे, दिवा नाही. कंपन्या असल्या बारीकसारीक गोष्टी मुद्दाम वरच्या व्हेरिएंटसाठी राखून ठेवतात आणि मधलं व्हेरिएंट घेणारे आपण टॉर्च धरतो.

हा दिवा नंतर बसवता येतो. फक्त लोक नको तिथे मेहनत करतात. व्हायझर बदलणं म्हणजे दोन-तीन स्क्रूंचा खेळ, खरा प्रश्न वायर कुठून आणायची हा. बहुतेक जण डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सपासून सुरुवात करतात, तिथून ए पिलरमधून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, वायर वर चढवतात, आणि हेच टाळायला हवं. एअरबॅगच्या वाटेत हात घालायची काही गरज नाही. बॅटरीचा करंट तुमच्या डोक्यावर, पुढच्या केबिन लाइटमध्ये आधीच येऊन थांबलेला असतो. तिथून व्हायझरच्या भोकापर्यंत जेमतेम हात-दीड हाताचं अंतर.

कोणता व्हायझर घ्यायचा

पहिली पसंती तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटच्या मूळ व्हायझरला. स्क्रूची भोकं तीच, हुक तोच, छताचा बाक तोच, त्यामुळे कापाकापी शून्य. शोरूमला गेलात तर सर्व्हिस काउंटरवर वेळ घालवू नका, स्पेअर पार्ट्सच्या खिडकीवर जा. आरसी आणि चॅसी नंबर सोबत ठेवा आणि व्हायझरच्या कापडाचा रंग नक्की सांगा. बेज आणि ग्रे यांच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या छटा असतात आणि मागवलेला इलेक्ट्रिकल भाग सहसा परत घेत नाहीत. तुमच्या मॉडेलच्या एकाही व्हेरिएंटला दिव्याचा व्हायझर नसेल, तर त्याच प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे त्याच मूळ सांगाड्यावर बनलेली भावंड गाडी शोधा. मात्र व्हायझर प्रत्यक्ष छताला लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा मार्ग जुन्या भागांचा. अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे किंवा अपघातग्रस्त गाड्या फोडणाऱ्या कुणाकडेही चांगला व्हायझर मिळू शकतो, पण तिथे जाताना खिशात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि वायरचे दोन तुकडे ठेवा. व्हायझरच्या दांड्यातून बाहेर आलेल्या दोन वायरींना बॅटरी जोडा, आरशाचं झाकण उघडा आणि व्हायझर सावकाश वर-खाली, मग खिडकीकडे आणि परत समोर असा फिरवा. साधा बल्ब नऊ व्होल्टवर पिवळट, मंद पेटेल, ते ठीक आहे. काहीच पेटलं नाही तर वायरी उलट करून बघा, एलईडी असेल तर प्लस-मायनस पाळावं लागतं. फिरवताना दिवा लुकलुकला तर तो व्हायझर तिथेच ठेवा. वायरी पोकळ दांड्यातून जातात आणि वर्षानुवर्षं पीळ बसून नेमक्या बिजागराशी तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि व्हायझर न फाडता ती दुरुस्त करता येत नाही.

व्हायझर पसंत पडला की दुकानदाराला छताच्या बाजूचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा सॉकेटही कापून मागा, वीतभर वायरीसकट. व्हायझरच्या शेपटीला दोन पिनांचा अगदी छोटा कपलर असतो, त्याची जोडी बाजारात सुटी शोधणं म्हणजे डोकेदुखी. पुष्कळ जण व्हायझर घेऊन येतात आणि हा वीतभर तुकडा भंगारात सोडून येतात.

ऑनलाइन परदेशी विक्रेत्याकडून घेत असाल तर ‘ड्रायव्हर साइड’ या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत आणि बहुतेक युरोपात ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्यांचा ड्रायव्हर साइडचा व्हायझर आपल्याकडे शेजारच्या माणसाच्या डोक्यावर लागेल. डावा-उजवा बघूनच मागवा.

चिकटवायचे, चार्जिंगवाले आरसे-दिवेही मिळतात. ते घेऊ नका, निदान आपल्या हवेत नको. एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशी गाठतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीची केबिन त्याहून कितीतरी जास्त तापते आणि व्हायझर काचेच्या अगदी जवळ असतो. तिथे लिथियम बॅटरी ठेवणं शहाणपणाचं नाही. त्याचा गोंद तर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो आणि आरसा मांडीवर येतो.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. व्हायझरचं मुख्य काम ऊन अडवणं हेच आहे. संध्याकाळी त्र्यंबक रोडने गावाबाहेर पडलात की सूर्य थेट डोळ्यांवर येतो. दांड्यावर सरकणारा व्हायझर मिळत असेल तर तोच घ्या. दिवा मिळवताना सावली कमी झाली तर ती बढती कसली?

आधी छतात डोकवा

काही विकत घेण्याआधी जुना व्हायझर एकदा उतरवून पाहा. बिजागराशी प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, ते नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचला. खाली दोन-तीन स्क्रू असतात, साधे फुलीचे किंवा स्टार बिटचे. स्टारला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावून जबरदस्ती केली की डोकं घासतं आणि मग ड्रिल मारण्यावाचून इलाज उरत नाही. आतल्या बाजूचा हुक एका स्क्रूवर असतो किंवा पाव फेरा देऊन निघतो.

भोकात टॉर्च मारा. काही कंपन्या सगळ्या व्हेरिएंटना एकच वायरिंग टाकतात, तेव्हा वरच्या व्हेरिएंटचा कपलर फोमच्या किंवा कापडी टेपच्या गुंडाळीत छताला चिकटलेला सापडू शकतो. सापडला तर तो सोडवून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, लावा. १२ व्होल्ट मिळाले तर पुढचं निम्मं काम वाचलं: कपलर जोडा, व्हायझर बसवा, तपासणीच्या भागाकडे जा. कपलर आहे पण व्होल्टेज नाही, असंही होतं. फ्यूजबॉक्समध्ये त्या सर्किटचा फ्यूजच बसवलेला नसतो. मालकाच्या पुस्तिकेतला फ्यूजचा तक्ता पाहा.

काही युरोपियन गाड्यांत दिवा व्हायझरमध्ये नसतोच. तो छतात असतो आणि आरसा उघडल्याचा संदेश व्हायझरच्या हुकमधल्या संपर्कातून वर जातो. तशा गाडीत व्हायझर, हुक आणि छतातला दिवा असा तिन्हींचा संच लागतो, शिवाय छताच्या अस्तराला भोक पाडावं लागतं. माझं मत विचाराल तर तिथे हा नाद सोडून द्यावा.

लागणारं सामान

मल्टिमीटर हवाच. वायरमनचा टेस्ट लॅम्प इथे वापरू नका, नव्या गाड्यांच्या कंट्रोल युनिटच्या (गाडीतल्या छोट्या संगणकाच्या) वायरीला तो लावला तर नुकसान होऊ शकतं. दहा नंबरचा पाना, फुली आणि स्टार बिट, प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या, अर्धा चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर प्रत्येकी दोन मीटर, फ्यूज होल्डर आणि एक अँपिअरचा फ्यूज, सोल्डरिंग किंवा चांगले क्रिंप जोड, हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी), आणि वायरिंगसाठीची कापडी हार्नेस टेप. घरातली काळी प्लास्टिक टेप नको. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, टेप उलगडते आणि जोड उघडा पडतो. कापडी टेपचा दुसरा फायदा म्हणजे वायर पत्र्यावर आपटून खडखड करत नाही.

काम सावलीत करा. थंडीत मात्र सकाळी लवकर हात घालू नका. निफाडकडचा गारठा नाशकात उतरतो त्या दिवसांत प्लास्टिकच्या क्लिपा ठिसूळ होतात आणि कटकन मोडतात. दुपारी, गाडी कोमट झाल्यावर सुरू करा. आणि हात साबणाने धुऊन या: छताच्या अस्तरावर पडलेला बोटाचा काळा डाग निघत नाही.

केबिन लाइटच्या वायरी ओळखणे

याच टप्प्याला घाई करायची नाही. केबिन लाइटची काच पट्टीने उचलून काढा, मग अख्खं युनिट खाली ओढा किंवा त्याचे स्क्रू सोडा. मागे कपलर दिसेल. साध्या गाडीत त्यात तीन वायरी असतात: कायमचा प्लस, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची), आणि दाराच्या स्विचकडून येणारी. सनरूफ किंवा ब्लूटूथचा माइक असेल तर वायरी जास्त असतात. त्यातल्या अनोळखी वायरींना हातही लावू नका.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई उघड्या धातूला लावा, दाराच्या कुलपाचा लोखंडी कडा चालेल. आता लाल सुई एकेका वायरीच्या पिनला मागून टेकवा. रंगावर विश्वास ठेवू नका. काळी म्हणजे अर्थ आणि लाल म्हणजे प्लस असा सर्व कंपन्यांचा नियम नाही.

इथे एक फसवी जागा आहे. लाइटचा स्विच ‘डोअर’वर आणि बल्ब जागेवर असेल, तर दार बंद असताना दाराच्या वायरीवरही १२ व्होल्ट दिसतात. ते बल्बमधून आलेले असतात. दार उघडलं की तीच वायर शून्यावर येते. म्हणजे एकदा मोजून १२ दिसले म्हणून तो प्लस, असं धरलं तर दिवा कधी पेटेल आणि कधी पेटणार नाही, आणि कारण महिनाभर सापडणार नाही. म्हणून आधी बल्ब काढा, मग मोजा आणि प्रत्येक वायर दार उघडून व बंद करून दोनदा मोजा. दोन्ही वेळा १२ च्या आसपास दाखवते ती प्लसची. अर्थसाठी मल्टिमीटर कंटिन्यूटीवर, म्हणजे जोड असला की वाजणाऱ्या खुणेवर घ्या. दार बंद असतानाही बॉडीशी ‘बीप’ देते ती खरी अर्थ.

प्लस सापडला की गाडी लॉक करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. काही गाड्यांत कंट्रोल युनिट थोड्या वेळाने केबिनच्या दिव्यांचा करंट स्वतः तोडतं. तसं असेल तर उत्तम, आरशाचं झाकण रात्रभर उघडं राहिलं तरी बॅटरी वाचेल. करंट कायम राहत असेल तर हिशेब माहीत असू द्या. पाच वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा वॉट, साधारण ०.८ अँपिअर. बारा तासांत जवळपास १० अँपिअर-तास गेले. छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते, आणि ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर सकाळी सेल्फ मारताना कुरकुरणारच. एलईडी असेल तर हाच खर्च साधारण दहाव्या हिश्शावर येतो.

वायर ओढणे

मोजमाप संपलं, आता बॅटरीचा मायनस काढा आणि दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या युनिटमध्ये साठलेला करंट उतरायला हा वेळ लागतो. मायनसच का? प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, मायनसला ती भीती नाही.

केबिन लाइटच्या भोकातून व्हायझरच्या भोकापर्यंत छताच्या अस्तराच्या वर पोकळी असते. पडद्याची जुनी प्लास्टिकवेष्टित स्प्रिंग इथे फार कामाची. व्हायझरच्या भोकातून ती आत सरकवा, केबिन लाइटच्या बाजूला टोक दिसलं की लाल-काळी वायर तिला टेपने बांधा आणि सावकाश परत ओढा. अडकली तर जोर लावू नका, थोडी मागे घेऊन पुन्हा ढकला. अस्तर खाली ओढून हात आत घालायचा मोह टाळा. ते साच्यातून काढलेलं जाड पुठ्ठ्यासारखं असतं, एकदा घडी पडली की ती गाडी विकेपर्यंत दिसते.

आता एअरबॅगबद्दल. पडदा-एअरबॅग दारांच्या वर, छताच्या कडेने घडी करून ठेवलेल्या असतात आणि त्यांचं पुढचं टोक ए पिलरकडे उतरतं. म्हणजे व्हायझरच्या बिजागराच्या अगदी शेजारी. हे आता फक्त महागड्या गाड्यांचं राहिलेलं नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला सगळ्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. नियम सोपा: वायर मधल्या बाजूने येऊ द्या, भोकाच्या आतल्या कडेने बाहेर काढा, आणि दाराच्या दिशेने एक बोटही जास्त जाऊ देऊ नका. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून ते कोपऱ्यात कोंबायचं नाही, जास्तीची वायर केबिन लाइटच्या बाजूला ओढून घ्या. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला सोडवायचं किंवा मोजायचं काम आपलं नाही.

डाव्या व्हायझरवर एअरबॅगचा इशारा छापलेला असतो, मागे तोंड करून लावायची लहान मुलांची सीट पुढे लावू नये असं सांगणारा. नव्या व्हायझरवरही तो हवा. इशारा नसलेला व्हायझर म्हणजे बहुधा नकली माल.

जोड

कंपनीची वायर कापू नका. जोडाच्या जागी सेंटीमीटरभर आवरण सोलून आपली वायर गुंडाळा, सोल्डर करा आणि कापडी टेप घट्ट मारा. निळे चिमटा-जोड मिळतात, वायरीवर दाबले की आत पात्याने आवरण चिरणारे. नाशिक-मुंबई हायवेचे खड्डे आणि हादरे खाऊन ते ढिले होतात, घेऊ नका. डोक्यावर हात ठेवून सोल्डर करताना कथलाचा थेंब सीटवर पडतो, खाली जुनी चादर अंथरा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

लाल वायरीत, जोडापासून चार बोटांच्या आत, एक अँपिअरचा फ्यूज. केबिन लाइटच्या सर्किटला आधीच फ्यूज आहे, मग हा कशाला? तो दहा-पंधरा अँपिअरचा असतो आणि कंपनीच्या जाड वायरीच्या हिशेबाने ठरवलेला. आपली बारीक वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो उडेपर्यंत ती छतात तापत राहील. दोन्ही व्हायझरला बल्बच असतील, म्हणजे एकूण वीसेक वॉट, तर दोन अँपिअरचा फ्यूज घ्या.

त्यानंतर कपलरच्या वायरी जोडा. एलईडी असेल तर पक्कं बसवण्याआधी बॅटरी क्षणभर लावून दिवा पेटतो का बघा आणि नसेल तर लाल-काळी बदला. व्हायझरचे स्क्रू हाताने सुरू करा, मग ड्रायव्हरने बेताचं आवळा. खालची चकती पातळ असते, फिरली की व्हायझर पहिल्याच गतिरोधकाला गळ्यात येतो.

तपासणी

झाकण बंद झाल्यावर दिवा खरंच विझतो का, हे डोळ्यांनी कळत नाही. बॅटरी जोडलेली ठेवून आपला फ्यूज काढा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावा आणि दोन्ही सुया फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना टेकवा. झाकण उघडं असताना आकडा येईल. बंद केल्यावर तो शून्य व्हायला हवा. होत नसेल तर आरशाच्या झाकणातला स्विच अडकला आहे, आणि तो व्हायझर परत करायचा.

रात्री एकदा घोटीच्या बाजूला चक्कर मारा, शेजारच्याला दिवा लावायला सांगा. काचेवर प्रतिबिंब पडत असेल तर पिवळसर पांढऱ्या, ३००० केल्विनच्या आसपासच्या एलईडीने पुष्कळ फरक पडतो. निळा-जांभळा प्रकाश नको. चेहऱ्याचा रंगही त्यात खरा दिसत नाही, आणि पुढून येणाऱ्या पोलिसाला तो नको तिथे थांबवायला लावेल. कसारा घाटात पावसाळी धुक्यात तर दिवा बंदच ठेवा.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: करंट केबिन लाइटमधूनच घ्यायचा, फ्यूज लावायचा, आणि ए पिलर उघडायचा नाही. तो म्हणेल, ‘साहेब, काही होत नाही’. तरी ठरवून घ्या, आणि उभं राहून बघा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला आधी विचारा. वायरिंगला जोड दिसला की इलेक्ट्रिकल तक्रारीवर ते बोट ठेवतात.

बॅटरी परत जोडल्यावर घड्याळ चुकेल आणि काही गाड्यांत ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाणं बंद होईल. हे बिघाड नाहीत. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की ती परत शिकते. नाही शिकली तर पुस्तिकेत तुमच्या मॉडेलची पद्धत असते.